बाजारात जे दिसत नाही

परदेश सहलीच्या कार्यक्रमात अलीकडे एक कलम हमखास असते: स्थानिक माणसाबरोबर बाजारफेरी. इस्तंबूल असो की बँकॉक, सहलीला गेलेली मराठी कुटुंबे सकाळी तिथल्या एखाद्या रहिवाशाला गाठतात, त्याच्यामागून मंडईत हिंडतात, अनोळखी भाज्या न्याहाळतात, चार पदार्थ चाखतात. हौस चांगली आहे. पण स्थानिक माणूस सोबत कशासाठी हवा, या प्रश्नाची आपली उत्तरे फार तोकडी असतात. भाव बरोबर लागावा, चांगले दुकान सापडावे, भाषेची अडचण पडू नये, एवढेच आपण सांगतो. यातली बरीच कामे आता हातातला फोनही करतो. स्थानिक माणसाची गरज याहून मोठ्या कामासाठी आहे. पाटीत मांडलेला माल कोणालाही दिसतो, पण पाटीतून नाहीसा झालेला माल तिथे राहणाऱ्यालाच दिसतो. गेल्या वीस वर्षांत काय यायचे थांबले, काय आकाराने लहान झाले, कोणती बाई बसायची बंद झाली, कुठला माल इथे न थांबता परस्पर निघून जातो, हे ज्याला सांगता येते त्यानेच बाजार दाखवावा. असा बाजार पाहायला विमानाचे तिकीट लागत नाही. पालघर आणि बोईसर-तारापूरचा पट्टा त्यासाठी पुरेसा आहे.

एप्रिल २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत जाते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर हा राज्याचा ३६वा जिल्हा. त्यात समुद्र, खाडी, केळवे-माहीमच्या पानवेली, भातखाचरे, डोंगर आणि जंगल काही तासांच्या अंतरावर एकमेकांना लागून आहेत. त्यातच देशातले पहिले अणुवीज केंद्र आहे, १९६९ पासून चालू असलेले, आणि रसायन व औषधांच्या कारखान्यांनी भरलेली तारापूरची औद्योगिक वसाहतही. या सगळ्याचा हिशेब कुठल्या एका सरकारी कचेरीत एकत्र सापडत नाही. बाजारात मात्र तो रोज मांडलेला असतो. फक्त तो वाचून दाखवणारा कोणीतरी लागतो.

सुरुवात सातपाटीच्या मासळीपासून करू. सातपाटी म्हणजे पापलेट, ही ओळख मुंबईच्या मासे खाणाऱ्या प्रत्येक घराला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला, त्यामागे इथल्या मच्छीमारांचा आग्रह होता. पाहुणा बाजारात येतो तेव्हा त्याला चकचकीत मासळी दिसते आणि तो खूश होतो. सातपाटीच्या माणसाची नजर आधी आकारावर जाते. तळहातात मावणारे पापलेट म्हणजे अजून एकदाही अंडी न घातलेला मासा, आणि अशा पिलांनी पाट्या भरत असतील तर पुढच्या हंगामातली होडी आजच रिकामी होते आहे, हे त्याला कळते. बारीक आसाची जाळी, यांत्रिक बोटींची वाढलेली संख्या, सगळा समुद्र खरवडून काढणारी मासेमारी, ही कारणे तो एका दमात सांगतो. २०२३ मध्येच राज्याने ५४ प्रकारच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. नियम कागदावर आला, पण तो पाळला जातो की नाही याची परीक्षा बाजारातल्या पाटीसमोर होते आणि तिथे गिऱ्हाईकही परीक्षक असते. सोबतची बाई जेव्हा म्हणते, "हे पोर आहे ताई, नका घेऊ," तेव्हा ती मत्स्यविज्ञानाचा धडाच देत असते.

मोठे पापलेट मग जाते कुठे? वजनाप्रमाणे त्याची प्रत लागते, ते बर्फात भरले जाते आणि मुंबईकडे किंवा निर्यातीसाठी निघते. घोळीची गोष्ट तर अधिक स्पष्ट आहे. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस, पावसाळी बंदी उठल्यानंतर, सातपाटीशेजारच्या मुरबे गावच्या एका बोटीला एकाच फेरीत १५७ घोळ मिळाल्या आणि त्या सुमारे १ कोटी ३३ लाख रुपयांना विकल्या गेल्या. देशभर बातमी झाली. एवढा भाव मिळाला तो घोळीच्या पोटातल्या भोतामुळे, म्हणजे हवेच्या पिशवीमुळे. त्याला पूर्व आशियात मोठी मागणी आहे. गावाला त्याचा आनंद झाला आणि तो रास्तच होता. समुद्रावर जीव धोक्यात घालणाऱ्याला चार पैसे मिळाले तर त्यात वावगे काही नाही. पण त्याच गावच्या बाजारात घोळीचा तुकडा शोधायला गेलात तर स्थानिक माणूस सांगेल की आता ती इथे क्वचितच बसते. जे सगळ्यात मोलाचे ते इथल्या ताटात नाही. नुसत्या डोळ्यांनी बाजार पाहणाऱ्याला हे कळायला काही मार्ग नाही, कारण जी वस्तू मांडलेलीच नाही तिची चौकशी तो कशी करणार?

खाडीच्या मासळीकडे वळले की ही उणीव अधिक बोचते. पालघरच्या खाड्यांत निवट्या, चिंबोऱ्या, शिंपल्या, कालवे मिळत. ते गोळा करण्याचे काम मुख्यतः बायकांचे. त्याला बोट लागत नाही, डिझेल लागत नाही, भांडवल लागत नाही. ओहोटीची वेळ साधायची, चिखलात उतरायचे आणि दुपारपर्यंत बाजारात बसायचे. घरातल्या बाईच्या हाती थेट येणारा पैसा तो हाच. तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी नाल्यांतून खाडीत आणि वाहिनीतून नवापूरच्या समुद्रात जाऊ लागले, त्याचा पहिला फटका याच बायकांना बसला. जवळचे पाणी बिघडले तर पुरुषाची बोट आणखी दूर जाते. जास्त डिझेल जाळून का होईना, मासळी आणते. चिखलात उतरणारी बाई कुठे जाणार? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ च्या पाहणीत देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यात तारापूर ९३.६९ गुणांसह सर्वांत वर होते. इथल्या मांगेला मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर व सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर भरपाई बसवली. लवादापुढे पाण्याचे नमुने गेले, अहवाल गेले. बाजारातली रिकामी झालेली जागा मात्र कुठल्या नमुन्याच्या बाटलीत भरता येत नाही. तिथे पूर्वी कोण बसत असे, काय घेऊन बसत असे, हे शेजारची कोळीण सांगते तेव्हाच कळते.

समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघालो की मनोर, कासा, विक्रमगड, जव्हार इथले आठवडी बाजार लागतात. इथे वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी बायका पहिल्या पावसाबरोबर रानभाज्या घेऊन बसतात: शेवळं, करटोली, टाकळा, कुर्डू, कोळीभाजी, बांबूचे कोंब. शहरातला माणूस शेवळं पाहून हरखतो, फोटो काढतो, घेऊनही जातो आणि नुसती शिजवली तर घसा खाजवत बसतो. शेवळांबरोबर काकडं लागतात, त्यांच्या आंबटपणाने खाज मरते. म्हणून जाणती विक्रेती दोन्ही शेजारी शेजारी ठेवते. कडूकंद तर उकडून, पाण्यात ठेवून, त्याचा कडवटपणा काढल्याशिवाय तोंडात घालता येत नाही. हे ज्ञान कुठल्या पाकिटावर छापलेले नसते. भाजी आणि ती खाण्याची अक्कल एकाच पाटीत येतात, आणि विकणारी बाई दोन्ही देते. पैसे मात्र आपण फक्त भाजीचे मोजतो.

या बाजारातही न दिसणारे पुष्कळ आहे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कितीतरी कुटुंबे जगायला जातात, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर. मग उन्हाळ्यातल्या बाजारात पाट्या विरळ होतात. पाहुण्याला वाटते, हंगाम नसेल. स्थानिकाला ठाऊक असते की विकणारी बाईच गावात नाही, ती मुलाबाळांसह भट्टीवर आहे. मार्च-एप्रिलमध्ये जी हिरवी भाजी दिसते ती बरीचशी सूर्या प्रकल्पाच्या कालव्यावरची. धामणीचे धरण बांधले ते इथल्या शेतीला पाणी मिळावे म्हणून. त्याच पाण्यातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी रोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना आखली गेली. शहरालाही तहान आहे, हे खरे. पण शहरातून आलेला माणूस या बाजारात वांगी-भेंडी घेताना, ज्या पाण्यावर ती पिकली तेच पाणी आपल्या इमारतीच्या टाकीत येते, हे कोणीतरी त्याला सांगायला हवे. त्यानंतर तो घासाघीस करताना थोडा थांबेल, असा माझा विश्वास आहे.

इथे एक सरळ आक्षेप येतो. स्थानिक म्हणजे कोण? बोईसरच्या बाजारात उभे राहिले की हा प्रश्न टाळता येत नाही. वसाहतीतल्या कारखान्यांत काम करायला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून माणसे आली आणि तिथेच राहिली. अणुवीज केंद्राच्या वसाहतीत देशभरची कुटुंबे आहेत. समुद्र हाकेच्या अंतरावर असतानाही बाजारात दूरच्या राज्यांतून बर्फात आलेले रोहू-कटला विकले जातात, कारण गंगेकाठच्या माणसाला खाऱ्या पाण्यातल्या माशापेक्षा तेच आपलेसे वाटतात. तो इथे वीस वर्षे राहतो, त्याची मुले इथल्या शाळेत जातात. मग तो स्थानिक नाही का? आहेच. आणि जी मांगेला बाई सांडपाण्याच्या नावाने बोटे मोडते, तिच्या बोंबलाचे गिऱ्हाईक बहुधा त्याच कारखान्याच्या पगारावर जगणारे असते. या बाजाराचे एकच एक सत्य नाही, आणि जो एकाच रहिवाशाचे ऐकून परततो त्याला अर्धाच बाजार कळतो. म्हणून मी म्हणेन की स्थानिक माणसाबरोबर जा, पण एकाच्याबरोबर जाऊन थांबू नका. सातपाटीची कोळीण, विक्रमगडची वारली बाई आणि बोईसरचा कामगार, या तिघांनी दाखवलेले तीन बाजार एकमेकांशेजारी ठेवले तर या जिल्ह्याचे अर्थकारण समजू लागते. त्यांच्यात मतभेद असतील. ते असणेच इष्ट आहे, कारण विकासाची किंमत कोणी मोजली आणि फळ कोणाला मिळाले, हे त्या मतभेदांतच दिसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाहेरची माणसे बाजार पाहायला येऊ लागली की बाजार बिघडतो. बार्सिलोनाच्या बोकेरिया मंडईत पर्यटक इतके वाढले की रोजची खरेदी करणाऱ्यांना गाळ्यापर्यंत पोचता येईना. २०१५ मध्ये तिथे खरेदीच्या गर्दीच्या वेळी पर्यटकांच्या मोठ्या गटांना मज्जाव करावा लागला. टोकियोच्या त्सुकिजी बाजारात ट्यूना माशांचा लिलाव पाहायला येणाऱ्यांच्या वागण्याने कामात अडथळा येऊ लागला, तेव्हा काही काळ दारे बंद करावी लागली आणि पुढे संख्येवर बंधन आले. आपल्याकडेही हे होऊ शकते. रानभाज्यांना शहरात अचानक प्रतिष्ठा आली आहे. कृषी खाते त्यांचे महोत्सव भरवते, हॉटेले त्यांच्या थाळ्या लावतात. मागणी वाढली की भाव वाढतो आणि जी भाजी गरिबाच्या घरी पहिल्या पावसात हक्काने शिजायची ती विकण्यासाठी राखून ठेवली जाते. शेवळं म्हणजे त्या झाडाचा फुलोरा. तो सगळाच खुडला तर पुढे बी धरणार कसे?

हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो, आणि त्याला उत्तर पुन्हा स्थानिक माणसातच सापडते. बाजार बिघडवतो तो माल पाहायला आलेला घोळका, ज्याला तिथल्या उणिवेची खबर नसते. ज्याला रहिवाशाने सांगितले की शेवळं यंदा थोडी आहेत, तो दोन जुड्या कमी घेईल. ज्याला कळले की पापलेट पिलू आहे, तो त्याऐवजी बोंबील, मांदेली, करंदी घेईल. ही मासळी इथल्या घरात रोज शिजते, स्वस्त असते आणि विकली गेली तर पैसा याच गावात राहतो. पाहुण्याने तिथला रहिवासी जे खातो तेच घ्यावे, जेवढे सहज मिळते तेवढेच घ्यावे आणि विक्रेतीची फोटोसाठी परवानगी मागावी. एवढे पथ्य पाळले तर बाजारावर त्याचा भार पडणार नाही.

पण मला पाहुण्याच्या वागणुकीपेक्षा रहिवाशाच्या स्मरणाची काळजी अधिक आहे. उणीव सांगणारी पिढी म्हातारी होत चालली आहे. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. ती गावे बाजारात काय आणत असत, हे सांगणारी माणसे आज आहेत, उद्या असतील याची खात्री नाही. त्याहून मोठा बदल दारात उभा आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये तिथल्या वाढवणच्या बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये नव्या प्रस्तावाला सशर्त मान्यता दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला मंजुरी दिली आणि ऑगस्टच्या ३० तारखेला पालघरमध्ये पायाभरणी झाली. मच्छीमार या किनाऱ्याला मासळीचा गोल्डन बेल्ट म्हणतात. बंदराने रोजगार येईल असे एक बाजू म्हणते, मासळीची वीण जाईल असे दुसरी म्हणते. वीस वर्षांनी कोण खरे ठरले हे ठरवायचे तर आज बाजारात काय येते, किती येते, कोणत्या आकाराचे येते, कोण आणते, हे आज लिहून ठेवलेले हवे. उद्या भरपाई मागायला गेलेल्या बाईला विचारतील, तुझ्याकडे पुरावा काय? तिच्याकडे आठवण असेल, आणि आठवणीवर कोणी धनादेश लिहीत नाही.

हे लिहून ठेवण्यासाठी नवा कायदा नको. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची आहे. हरित लवादाने त्यासाठी जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा देशभर पुष्कळ नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. त्यांत झाडांची नावे आहेत, पण बाजार नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आणि पंचायतीला गावच्या बाजाराच्या व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे आणि पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला आहे. हे तीन अधिकार एकत्र वापरले तर ग्रामसभा आपल्या आठवडी बाजाराची नोंद स्वतः ठेवू शकते. कोणत्या महिन्यात कोणती भाजी आली, कुठल्या पाड्यावरून आली, कोणता मासा किती लांबीचा होता, किती बायका बसल्या आणि कोण येईनाशी झाली, एवढे लिहायला शाळेतली नववी-दहावीची मुले पुरेशी आहेत. आईबरोबर बाजारात बसणारी मुलगी ही नोंद कुठल्याही सर्वेक्षकापेक्षा चांगली करेल. ग्रामसभेच्या ठरावाने वर्षानुवर्षे ठेवलेली अशी नोंद कुठल्याही सुनावणीत सहजासहजी बाजूला सारता येणार नाही.

आणि इथे पाहुण्याचे काम पुन्हा येते. मुंबई-ठाण्यातून पालघरला जाणाऱ्यांत डॉक्टर आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत, वनस्पतिशास्त्र आणि मत्स्यशास्त्र शिकलेली माणसे आहेत. स्थानिक माणसाबरोबर बाजार फिरल्यावर त्याने जे सांगितले ते चार लोकांसमोर मांडणे, ग्रामसभेला नोंद ठेवायला मदत करणे, जनसुनावणीत उभे राहणे, हे त्यांना जमण्यासारखे आहे. ज्याने उणीव ऐकली तो तिचा साक्षीदार झाला, आणि साक्षीदाराने गप्प राहून चालत नाही.

तेव्हा वाचकांना माझे सांगणे साधे आहे. परदेशात बाजार पाहायला जा, जरूर जा, तिथल्या माणसाला सोबत घ्या. पण पुढच्या पावसाळ्यात एखाद्या सुटीच्या दिवशी डहाणू लोकल पकडून पालघर किंवा बोईसरला उतरा. ओळखीच्या रहिवाशाला बरोबर घ्या. ओळख नसेल तर विक्रेतीशेजारी बसून ओळख करून घ्या. पिशवी न्या, घासाघीस करू नका. आणि काय ताजे आहे हे विचारण्याआधी विचारा की पूर्वी इथे काय येत होते आणि आता का येत नाही. जे उत्तर मिळेल ते लिहून घ्या आणि तिथल्या ग्रामसभेपर्यंत पोचवा.